चाक निघत नव्हतं

आमच्या मामंजींनी उभ्या आयुष्यात शेजाऱ्याकडून काडेपेटीसुद्धा मागून आणली नसेल. घरातली संपली तर ते चहावाचून बसत, पण कुणाच्या दारात जात नसत. रोह्यात लोक याला मोठा गुण मानायचे. "तात्या कुणाचा मिंधा नाय," असं त्यांच्या गिरणीवर भात भरडायला येणारे शेतकरी कौतुकानं म्हणायचे. त्या लोकांना मामंजी भेटायचे ते भात भरडून होईपर्यंत. मी त्यांच्या घरात राहिले. मला तो गुण कधी वाटला नाही.

मी पेणची. आमचं माहेर खाडीकडचं, वडील मिठागरावर राबलेले. मामंजींचं घराणं आतल्या गावातलं, भातशेतीचं. लग्न यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वतः ठरवलं आणि मामंजींनी ते चालवून घेतलं, एवढंच. त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "ए पेणवाली, पाणी आण," अशी हाक असायची. आमटी खारट झाली की ताट पुढे सरकवून म्हणायचे, "मिठातली माणसं. हात लावतील त्याला गंज." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे धाटावला कंपनीत, आज फर्स्ट शिफ्ट तर उद्या नाईट. घरात दिवसभर मी आणि मामंजी. गिरणी चालू असेपर्यंत बरं असायचं, कारण त्या आवाजात कुणाला काही बोलावंच लागत नसे.

"आमचं आम्ही बघू" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका पावसाळ्यात वाऱ्यानं कौलं उडाली. समोरचे दोघे भाऊ शिडी घेऊन आपणहून आले, तर मामंजींनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. मग स्वतः चढायला गेले, पाय मुरगळून बसले, आणि पुढे कितीतरी दिवस मी घरभर पातेली मांडून पाणी झेलत होते. पण एक सांगायला हवं. त्यांनी कधी खोटं बोलून अंग काढून घेतलं नाही. एकदा एका बाईच्या भाताचा गिरणीत पार चुरा झाला. यंत्राकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. मामंजी म्हणाले, "माझं ध्यान नव्हतं," आणि आत येऊन आमच्या कणगीतले तांदूळ तिच्या पिशवीत ओतले. मला ते आवडलं होतं. आवडलं याचाही मला राग आला होता.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी अँबॅसडर होती. कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती. ती गिरणीमागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असायची. यांना चालवायला द्यायचे नाहीत, मेकॅनिकला हात लावू द्यायचे नाहीत. पावसाळ्याचे चार महिने तर ती जागची हलायची नाही. पडवीला पावसाची झड लागायची, खाली ओल असायची. हे एकदा म्हणाले, "बाबा, जरा फिरवून आणत जा, नाहीतर सगळं जाम होईल." त्यावर नेहमीचं वाक्य आलं आणि विषय संपला.

पाऊस नुकताच सरला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळीच गिरणीवरचा फोन वाजला. पेणहून माझा भाऊ बोलत होता. आईला झटका आला होता, दवाखान्यात नेलं होतं. "शुद्धीवर आहे, बोलतेय. तुझं नाव घेतेय सारखी. लगेच नीघ," म्हणाला. हे फर्स्ट शिफ्टला गेलेले. मी पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि एसटी स्टँडकडे निघाले, तर मामंजींनी दारातच अडवलं. "घरात गाडी असताना एसटीला लटकत जाणार? लोक काय म्हणतील? बस गाडीत." मला वाद घालायचा नव्हता, लवकर पोचायचं होतं. मी बसले.

निडी गाव मागे पडलं आणि पुढचं डावं चाक पंक्चर झालं. रस्त्याला दोन्हीकडे भातशेती, घर एकही नाही. मामंजींनी जॅक लावला, नट सोडले, चाक धरून ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं. नट सगळे बाहेर आले होते, तरी चाक आतल्या हबला, म्हणजे ज्या लोखंडी भागावर ते बसवतात त्याला, असं धरून बसलं होतं की दोन्ही लोखंडं एकाच तुकड्याची असावीत. कडेनं तांबूस गंज दिसत होता. मिठातल्या माणसांनी त्या गाडीला कधी हात लावला नव्हता. हे मला तिथे बोलून दाखवायचं होतं. दाखवलं नाही.

त्यांनी चाकाला लाथा घातल्या, मग हातोड्यानं ठोकलं. हातोडा निसटून हात पत्र्यावर आपटला आणि बोटं सोलली. तसेच रक्ताळलेल्या हातानं ते ठोकत राहिले, चाकाला शिव्या देत. गाडी जॅकवर डुगडुगत होती. मी म्हटलं, "कुणाला तरी थांबवू या." ते म्हणाले, "तू गप उभी राहा गो."

तेवढ्यात एक टेम्पो आपणहून थांबला. चालवणारा गिरणीवर येणाऱ्यांपैकीच होता, बरोबर आणखी एकजण होता.

"तात्या, चाक धरलंय वाटतं. आम्ही दोघं हाव, मारतो दोन दणके."

"नको."

"मग वहिनींना तरी बसू द्या. कुठं जायचंय?"

"पेणला," मीच म्हटलं. "माझी आई दवाखान्यात आहे."

"पेणलाच चाललोय. बसा."

मी पिशवी उचलली. मामंजी उठले, माझ्या हातातून पिशवी घेतली, गाडीच्या डिकीत टाकली आणि झाकण आपटलं. "आमच्या घरची सून टेम्पोत बसून जायची नाय. आमचं आम्ही बघू. तू नीघ," असं त्यांनी त्या माणसाला सांगितलं. तो माझ्याकडे बघत क्षणभर थांबला. मग टेम्पो निघून गेला. त्याचा धुरळा खाली बसेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होते. आयुष्यात मी कुणाचा इतका द्वेष केलेला नाही.

त्यानंतरही ते ठोकतच होते. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दमून बांधावर बसले, पाणी प्यायले, आणि काही वेळानं उठले ते शांत होऊन. नट पुन्हा बसवले, पण घट्ट न करता थोडे सैल ठेवले. जॅक उतरवला. गाडीत बसून ती दोन हात पुढे घेतली आणि करकचून ब्रेक दाबला. मग मागे घेऊन तसंच. तिसऱ्या खेपेला आतून खट्ट असा आवाज आला. जॅक लावून नट काढले तर चाक अलगद हातात आलं.

"हे ठाऊक होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"व्हय."

"मग आधी का नाही केलंत?"

"राग आला की डोकं चालत नाय," ते म्हणाले आणि दुसरं चाक चढवू लागले.

पेणला पोचलो तेव्हा आईची वाचा गेली होती. डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर ठरत नव्हते. भाऊ म्हणाला, "आत्ता दुपारपर्यंत बोलत होती. ताई कुठवर आली, ताई कुठवर आली, हेच चाललं होतं. इतका उशीर?"

"चाक निघत नव्हतं," मामंजी म्हणाले.

"टेम्पो थांबला होता रे," मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "पेणलाच येणारा. यांनी तो परत पाठवला."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी मान खाली घातली नाही. "व्हय," म्हणाले, "मीच पाठवला."

आई आणखी थोडे दिवस होती, पण बोलली नाही. मामंजी रोज रोह्याहून यायचे आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर हाताला फडकं गुंडाळून बसायचे. मी त्यांना आत येऊ दिलं नाही. आई गेली तेव्हा तिरडी उचलताना ते पुढे झाले. भावानं त्यांचा हात बाजूला केला. "राहू द्या. आमचं आम्ही बघू," म्हणाला. हे वाक्य कुणाचं हे त्याला माहीत नव्हतं. मामंजी दोन पावलं मागे सरले आणि चपला घालून निघून गेले.

रोह्याला परतल्यावर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, चहा ठेवायचा, निरोप असेल तो यांच्यामार्फत. मामंजींनी तक्रार केली नाही. मात्र गाडीची ताडपत्री निघाली. अधूनमधून रविवारी ते चारही चाकं उतरवून, हब घासून, ग्रीसचा पातळ हात फिरवून पुन्हा चढवायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मला दया यायची नाही. आता चाकं पुसून कुणाला काय मिळणार होतं?

एके दिवशी किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "गाडी शीक."

मी शिकले. पुन्हा कधी या माणसाच्या मर्जीवर रस्त्यात उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी शिकले. ते वाईट मास्तर होते. गिरणीसमोर, सगळ्यांदेखत ओरडायचे. "क्लच हाय तो, जातं नाय." गाडी थोडी हातात आल्यावर एकदा पाना पुढे केला. "चाक काढ."

"चांगलं आहे की."

"काढ म्हणतोय ना."

मी काढलं. त्यांनी एकदाही हात लावला नाही. माझी नखं मोडली, मी मनातल्या मनात त्यांना वाट्टेल ते बोलले. ते स्टुलावर बसून बघत राहिले.

असंच एका दुपारी वीज गेली होती, गिरणी बंद होती. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. मामंजी झोपाळ्यावर बसले होते. ते एकदम म्हणाले, "तुझी आई काय बोलली असती, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तुम्हाला कशाला हवं ते?"

"मला नको. तुला विचारतोय."

मी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हटलं, "रागावली असती. आदल्या दिवाळीला आले नाही म्हणून."

"मी पाठवली नव्हती तुला."

"हो."

"म्हणजे तुला उगीच बोलणी बसली असती."

"बसली असती," मी म्हटलं. "मला हवी होती ती."

त्यांनी मान हलवली. माफी मागितली नाही, मीही दिली नाही. वीज आली तेव्हा ते उठून गिरणीत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजी गेले, काही न दुखता, दुपारच्या झोपेत. मी रडले नाही आणि शेजारणींनी ते लक्षात ठेवलं. आजही त्यांची आठवण आली की आधी तो टेम्पो दिसतो, आणि माझे दात आवळले जातात. पण माझ्या आईला माझ्याशी काय बोलायचं होतं, हे मला भावानं कधी विचारलं नाही. यांनी विचारलं नाही, मैत्रिणींनी नाही. विचारलं ते त्या एकाच माणसानं.