कुणाचंच नसलेल्या कामांचा फळा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. खातं मेंटेनन्सचं. फिटर, वायरमन, वेल्डर, एक सुतार, एक गवंडी, त्यांच्यावर एक साहेब, आणि त्या सगळ्यांत बाई मी एकटीच. टायपिंग थोडंच असायचं. खरं काम निरोप घ्यायचं. फोनवर, चिठ्ठीवर, नाहीतर कॅन्टीनमध्ये गाठून लोक कामं सांगायचे आणि मी ती साहेबांच्या कानावर घालायची. साहेब सिगारेटच्या पाकिटावर टिपून घ्यायचे. पाकीट संपलं की कामही संपलं.

पॅकिंग खात्यातल्या बायकांच्या संडासाला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. सुतार म्हणायचा, दार लोखंडी आहे, माझं काम नाही. फिटर म्हणायचे, चौकट भिंतीतून सुटलीय, गवंड्याला सांगा. गवंडी म्हणायचा, आधी चौकटीला वेल्डिंग करून द्या. दोन वर्षं हेच चाललं होतं. पॅकिंगमधली एक वयस्कर बाई, तिला सगळे मावशीच म्हणायचे, दर सोमवारी माझ्याकडे विचारायला यायची. एका सोमवारी तिने शांतपणे विचारलं, "ताई, तुम्ही लिहून घेता ना, ते जातं कुठं?"

रिक्षात बसून उल्हासनगरला घरी जाईपर्यंत तो प्रश्न मला टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी एक लांबडी वही आणून टेबलावर ठेवली. ज्याला जे काम दिसेल ते त्याने त्यात लिहावं, असं सगळ्यांना सांगितलं. महिन्याभरात वहीत नऊ ओळी झाल्या, त्याही सगळ्या माझ्याच अक्षरात. ऑफिसच्या टेबलावरच्या वहीत लिहिणं म्हणजे कुणाची तरी तक्रार करणं, असं लोकांना वाटत होतं.

मग मी सुताराला गळ घातली. नव्या मशिनीच्या खोक्याचं प्लायवूड पडून होतं. त्याने त्याला काळा रंग मारला आणि जिथे सगळे हत्यारं घ्यायला येत, त्या दाराशेजारी ठोकून दिलं. मी पांढऱ्या रंगाने चार रकाने आखले: काम, कुणी सांगितलं, कुणी घेतलं, झालं. फिटरचं, वायरमनचं, गवंड्याचं किंवा कुणाचंच नसलेलं, कुठलंही काम तिथे चालणार होतं. पहिली ओळ मी त्या कडीची लिहिली.

तीन दिवस तिसरा रकाना रिकामा राहिला. चौथ्या दिवशी सकाळी आमचे सगळ्यात जुने फिटर फळ्यासमोर थांबले. ते बदलापूरजवळच्या खरवईचे, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारे. खात्यात त्यांना मामा म्हणत. ते मला म्हणाले, "पोरी, काय लिवलंय ते वाच. मना वाचता येत नाय."

मी मोठ्याने वाचलं. आजूबाजूला सहा-सात जण पाने, हातोड्या घेत होते, त्यांचे हात थांबले. बायका दार धरून उभ्या राहतात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण अशी सगळ्यांच्या देखत कधी कुणी बोलली नव्हती. मामांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि तिसऱ्या रकान्यात एक पाना काढला. त्यांची सही तीच. मग वेल्डर आणि गवंडी दोघांना बरोबर घेऊन ते गेले. जेवणाच्या सुट्टीआधी चौकट बसली, कडी लागली.

दुपारी मावशी आली. तिने खडू मागितला आणि शेवटच्या रकान्यात, एकेक अक्षर जुळवत, स्वतः लिहिलं: झालं. मागे उभ्या असलेल्या पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या खात्यासाठी टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

तेव्हापासून रोज सकाळी आठला मी फळा वाचून दाखवायला लागले. गळका नळ, उडालेला दिवा, जिन्याची हलणारी पायरी, सगळं फळ्यावर यायला लागलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापली खूण ठरवली. वेल्डरची ठिणगी, गवंड्याची थापी.

आणि मग साहेबांनीच घोळ केला. एक पंप बंद पडून राहिला म्हणून वरच्यांची बोलणी खावी लागली, तेव्हा त्यांनी संध्याकाळी फळ्यावरच्या प्रत्येक कामासमोर स्वतःच माणसांची नावं घालून टाकली. सकाळी लोकांनी ती पाहिली आणि हत्यारं घेऊन निघून गेले. पुढचा आठवडाभर एकही नवी ओळ पडली नाही. फळा आता हजेरीपटासारखा झाला होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. नोकरी अजून कायम झाली नव्हती. म्हटलं, "साहेब, नाव ज्याचं त्याने घालायचं. नाहीतर फळा काढून टाकते."

ते उठले, बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत ती नावं ओल्या फडक्याने पुसली. एक ओळ होती, पंपाचा सुटा भाग मुंबईच्या ऑफिसकडून मागवणे. ती त्यांच्याशिवाय कुणालाच करता येण्याजोगी नव्हती, आणि किती दिवस तशीच पडून होती. तिच्यासमोर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मामा हळूच म्हणाले, "आता झाला फळा सगल्यांचा."

त्या वर्षीच्या शटडाऊनला, म्हणजे प्लांट पूर्ण बंद ठेवून दुरुस्त्या करायच्या दिवसांत, आम्ही नवी यादी केलीच नाही. वर्षभर साठलेलं सगळं फळ्यावर होतं. माणसं स्वतःहून कामं उचलत होती. वायरमनचं काम लवकर आटोपलं तर तो गवंड्याला माल कालवून देत होता. दरवर्षी शटडाऊन लांबायचं आणि साहेबांना माफी मागावी लागायची. या वेळी एक दिवस आधी प्लांट चालू झाला. भोंगा वाजला तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता, आणि त्यात एकाही अक्षराचं वळण दुसऱ्यासारखं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसाठी जिलेबी आणवली.

पुढच्या आठवड्यात कारखान्याचे मॅनेजर आले. फळा पाहून खूश झाले आणि म्हणाले की तो आपण वरच्या ऑफिसात लावू, पाहुण्यांना दाखवता येईल. साहेब म्हणाले, "खात्याचा आहे, खात्याला विचारा." मॅनेजरांनी खरंच विचारलं. मामांनी डोकं खाजवलं आणि सांगितलं की हा इथेच राहू दे, ज्यांना हवा त्यांनी आपला करावा, शिकवायला आम्ही येतो.

बॉयलर खात्याने पहिल्यांदा बोलावलं. मी कागदावर सगळं नीट टाइप करून नेलं होतं, पण तो कागद घडीतून बाहेर काढायची वेळच आली नाही. मामा पुढे झाले, कोऱ्या फळ्यावरच्या एकेका रकान्यावर बोट ठेवत समजावत गेले, आणि इंजिनिअर धरून सगळं बॉयलर खातं त्यांचं ऐकत उभं राहिलं. कुणीतरी विचारलं की हे सुरू कुणी केलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिनं," ते म्हणाले, "आनि आम्ही."