रडून झाल्यावरचं गाणं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पडवीत बसून मोड आलेले वाल सोलत होतो. यमुनाच्या उजव्या हाताची नखं गिटारीसाठी वाढवलेली. तिचे चार सोलून व्हायचे तेव्हा माझा एक. "अवो, वाल सोलताय की त्याच्याशी भांडताय?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पेणला तिचा कार्यक्रम होता. माहेरच्या गावात पहिलाच. सकाळपासून तिचं एकच चाललेलं, "वासुदादा येईल ना वो?" दुपारी जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

माझी बायको ब्लूज वाजवायची. मी सातवी नापास, रोह्याला कंपनीत फिटर. मला त्यातलं काय कळतंय? पण तिच्यासारखी बाई मी दुसरी बघितली नाही, म्हणून लिहितोय.

लग्नाआधी ती पेणला थोरल्या भावाच्या, वासुदादाच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. शेजारच्या बंगल्यातले साहेब गाव सोडून जाताना जुनी गिटार आणि खोकंभर कॅसेटी तिला देऊन गेले. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी, तेच ब्लूज. शब्द एक कळेना. पण कॅसेट मागे-पुढे करून तिनं एकेक सूर बोटांत उतरवला. वासुदादा म्हणाला, "माझ्या कारखान्यात हे रडगाणं नको." ही म्हणाली, "दादा, रडगाणं नाय हे. रडून झाल्यावरचं गाणं हाय." त्याला पटलं नाही. पुढे सगळी वर्षं राखी झाली, भाऊबीज झाली, पण हिनं गिटार काढली की तो उठून जायचा.

लग्न होऊन आली तेव्हा गिटार जुन्या साडीत गुंडाळलेली. मी विचारलं, "हे काय गो?" म्हणाली, "माझं आंदण."

शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून तारा तिनं भजनी मंडळाच्या पेटीवर लावल्या. सा, प, सा. पुढे कोलाडच्या एका हॉटेलात पर्यटकांपुढे वाजवायला लागली. तिथं मुंबईचा एक गिटारवाला हसला. "मावशी, तारा चुकीच्या लावल्यात." ही म्हणाली, "असतील बाबा. आधी चूक तर ऐक." ऐकून तो खुर्ची ओढून जवळ बसला. मग म्हणाला, त्या गाण्यांचे जुने वादकही तारा अशाच लावायचे. त्यानंच तिला मुंबईला नेली. मग पुणं झालं, गोवा झालं. साठीची बाई खुर्चीत पाय जुळवून बसायची, मी कापून दिलेला स्टीलच्या पाइपाचा तुकडा बोटात घालून तारेवरून घसरवायची, आणि समोर पोरं उभी राहून ओरडायची. ती म्हणायची, "तार ओढली की जाणारा माणूस वळला पाहिजे. नायतर नुसतं तारेला खाजवणं."

सगळे वळले. एक वासुदादा सोडून.

त्या संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. वासुदादा पेणहून आला होता, तो मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत भिंतीला टेकून बसला होता. मी मोबाईल काढला. पेणसाठी बसवलेलं गाणं तिनं त्यात भरून ठेवलं होतं. ते लावलं.

आतून माझी बहीण ओरडली, "सुतकात गाणी लावतोस? लाज हाय का?"

"सुतक माझं हाय. तू चहा टाक," मी म्हटलं.

वासुदादा उठायला लागला.

"बसा," मी म्हटलं. "आज उठायचं नाय."

तो बसला. मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. संपलं. मग म्हणाला, "भावजी, परत लावा."

"तुमच्या हातानं लावा," मी म्हटलं आणि मोबाईल त्याच्याकडे दिला.

त्याला बटण सापडायला वेळ लागला. मी थांबून राहिलो.