सोवळ्यातली नाडी

निवेदिता रात्रपाळी करून बनशंकरी भागातल्या घरी परतली, तेव्हा सासूबाई देवघराबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"अम्मा, काय होतंय?"

"काही नाही गं. स्वल्प चक्कर. जबडा ओढतोय. तू लांब हो, दवाखान्यातून आलीस ना? मडीत आहे मी."

सोवळ्याला या घरात पिढ्यान्‌पिढ्या कानडीतलं मडीच म्हणत. आज एकादशी होती, आणि विमलाबाईंची एकादशी म्हणजे पोटात पाण्याचा थेंब नाही. तिचा नवरा रविकिरण स्वयंपाकघरातून कॉफीचा लोटा घेऊन डोकावला. "साखर उतरली असेल. दर एकादशीला अम्माचं हेच."

निवेदितेलाही क्षणभर तेच पटलं. हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिथे निवेदिता सिस्टरनं हाक मारली की डॉक्टर जेवणावरून उठून येत. नव्या मुलींना ती बजावायची, "साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या बायका ॲटॅक आला तरी सिनेमातल्यासारखी छाती धरत नाहीत. गॅस म्हणतात, थकवा म्हणतात." घरात मात्र आमटीत मीठ किती, हेसुद्धा तिच्या शब्दावर कधी ठरलं नव्हतं.

तिनं साखर मोजायचं यंत्र आणलं आणि सासूबाईंचं बोट धरलं.

"शिवलीस!"

"मागाहून न्हाऊ घालते."

साखर ठीक होती. म्हणजे हा घाम उपासाचा नव्हता. मनगट तिनं सोडलंच नाही. नाडी फार सावकाश चालली होती आणि बोटाखालून निसटत होती. रक्तदाब नव्वदच्याही खाली.

ॲम्ब्युलन्सला फोन करून तिनं बजावलं, ईसीजी आणि शॉकचं मशीन असलेलीच गाडी हवी. मग कपाटातून ॲस्पिरिन काढली.

"अम्मा, ही चावून खा."

"एकादशीला? वेड लागलं का तुला?"

"पाप माझ्या माथी."

"तुझ्या माथी आधीच काय कमी आहे?" असं म्हणत, तोंड वाकडं करत, विमलाबाईंनी गोळी चावली. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी अर्धा तास वाद घातला असता. त्यांनी इतक्या लवकर ऐकलं, याचीच निवेदितेला जास्त धास्ती वाटली.

तेवढ्यात रविकिरण वडिलांचा जुना औषधाचा डबा घेऊन आला. "सॉर्बिट्रेट! अण्णांना हीच द्यायचो. अम्मा, जीभ वर कर."

निवेदितेनं त्याचा हात धरला. "नाही. ही नको."

"अगं, हार्टचीच गोळी आहे!"

"प्रेशर आधीच पडलंय. उजव्या बाजूचा ॲटॅक असेल तर या गोळीनं आणखी पडेल."

"असेल तर? म्हणजे तुला नक्की माहीत नाही. माझ्या आईचं औषध तू अडवतेस?"

नक्की माहीत नव्हतंच. ईसीजीशिवाय कुणाला कळणार? वॉर्डात चुकलं तर सावरायला दहा हात असतात. इथे एक हात नवऱ्याचं मनगट धरून होता आणि दुसरा सासूचं. अम्मांचं काही बरंवाईट झालं, तर दर श्राद्धाला पानावर बसलेले नातेवाईक म्हणणार होते, गोळी हातात होती, सुनेनं देऊ दिली नाही. तरीही तिनं हात सोडला नाही. अम्मांना आडवं केलं आणि पायांखाली उशा सरकवल्या.

गाडी आली. अक्षरा नावाची तरुण तंत्रज्ञ होती. तिनं तारा लावल्या, कागद सरकू लागला. खालच्या तिन्ही लीडमध्ये रेष वर चढलेली. उजव्या बाजूच्या लीड लावल्या, तिथेही तेच; म्हणजे ॲटॅक उजव्या बाजूचाच होता. अक्षरानं विचारलं, "सॉर्बिट्रेट दिलीत का अक्का?"

"नाही."

"सरी," म्हणजे ठीक. बस, एवढंच. तिनं नाडी वाढवायला ॲट्रोपिन टोचलं आणि हॉस्पिटलला कळवून टाकलं.

राजाजीनगरला राहणाऱ्या बहिणीला, स्मृतीला, फोन लावत रविकिरण पुढे ड्रायव्हरजवळ बसला. सिग्नलला गाडी अडली असताना मॉनिटरवरची रेष एकाएकी वेडीवाकडी थरथरू लागली. विमलाबाईंची मान कलली. निवेदितेनं गळ्याशी बोटं लावली. नाडी नव्हती.

परक्या छात्या तिनं किती दाबल्या होत्या याला गणती नाही. या छातीवर तळहात ठेवताना मात्र तो जड झाला. मग तिनं दाबायला सुरुवात केली, खोल आणि भरभर. बरगडी कटकन वाजली. अक्षरानं पॅड चिकटवले. "बाजूला व्हा!" झटका बसला. निवेदितेनं पुन्हा दाबायला घेतलं, मनात आकडे मोजत, पडद्याकडे न बघता. मग खालून एक क्षीण, चिडका हात तिचा हात ढकलू लागला.

हॉस्पिटल तिचं नव्हतं. अम्मांना अँजिओप्लास्टीला आत नेलं आणि कॅथलॅबच्या दारात नर्स म्हणाली, "अक्का, नातेवाईकांनी बाहेर थांबायचं." तिथे तिला कुणी सिस्टर म्हणणार नव्हतं. ती बाकावर बसली.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. उजवी रक्तवाहिनी बंद होती, ती उघडली होती. आजची रात्र जपायला हवी. "सॉर्बिट्रेट दिली नाहीत ते बरं केलंत. एवढ्या कमी प्रेशरला ती झेपली नसती."

रविकिरणनं लगेच स्मृतीला फोन लावला. "हो, वाचली. सॉर्बिट्रेट द्यायचीच नसते अशा वेळी! नाही, मी दिलीच नाही."

निवेदितेनं ऐकलं. एरवी तिनं हे दोन दिवस धुमसत ठेवलं असतं. आत्ता तिचे कान आतल्या मॉनिटरच्या टिकटिकीकडे होते. एक ठोका उशिरा आला असं वाटून ती उभी राहिली, दाराला कान लावला, आणि पुढचा ऐकू येईपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.