इटियाडोहच्या तळाशी फुफीचं माहेर

२००९च्या मे महिन्यात इटियाडोहचं पाणी फार उतरल्याचं कळलं आणि फुफीनं, माझ्या आत्यानं, पिशवी भरली. तिचं माहेर या धरणात गेलं. कब्रस्तानही गेलं. तिथं तिची आई आहे. मुलानं, इरफाननं, एकदा तिथं फातिहा पढावी, एवढंच तिचं मागणं. मी भाचा, सोबतीला.

सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाहून अर्जुनी. गाडीत इरफाननं मला अडचण सांगितली. पैगंबर अल्लाहच्या शिक्षेनं नष्ट झालेल्या समूद लोकांच्या ओसाड वस्तीवरून गेले, तेव्हा डोकं झाकून त्यांनी सांडणी जोरात हाकली. शिक्षा झालेल्यांच्या घरांत शिरू नका, शिरलात तर रडत शिरा, असं सोबत्यांना सांगितलं. तिथल्या पाण्यानं मळलेली कणीकही उंटांना घालायला लावली.

"नूह नबीच्या कौमलेबी अल्लाहनं पाण्यानंच बुडवलं ना, भाई. हे गाव काय आहे, आपल्याले काय मालूम?"

फुफी समोर शेंगा सोलत होती.

अर्जुनीला तर्री-पोहे खाल्ले. ऑटो जाऊन-येऊन साडेतीनशेत ठरला.

"मासोळीले आले का जी?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"माहेरी," फुफी म्हणाली.

"धरणात कोनतं माहेर, आजी?"

"खाली."

भेगाळलेला गाळ, त्यात घरांच्या जोत्यांचे दगड. इरफान काठावरच थांबला. "अम्मा, इथूनच दुआ करतो."

"काऊन?"

त्यानं गाडीतलंच पुन्हा सांगितलं.

"रडत जा म्हणते ना? मंग मी का हासत जाऊन राहिली? ज्यायले अल्लाहनं बुडवलं, त्यायचे नावं किताबात आहेत. माह्या गावाचं आहे का, सांग."

"नाही."

"आमाले कायची शिक्षा? धानाले पाणी पायजे होतं. सरकारनं उठा म्हटलं, आमी उठलो."

इरफाननं चपला काढल्या आणि खाली उतरला. फुफी चिंचेच्या खुंटापासून पावलं मोजत गेली. "इथं." इरफाननं फातिहा पढली. तिनं आजूबाजूला पाहिलं, पाच पावलं सरकली. "नाही, इथं." त्यानं पुन्हा पढली.

जाणार असाल तर मे महिन्यातच, सकाळी. सावली नाही, पाणी सोबत न्या. पाहण्यासारखं काही नाही. माझ्याकडे एक फोटो आहे, त्यात फक्त भेगा दिसतात.

संध्याकाळी गोंदियाजवळ कुडव्यात, घरी परतल्यावर, शेजाऱ्यानं विचारलं, धरणावर काय पाहून आलात.

"नानीच्या घरी गेलो होतो," इरफान म्हणाला.