गुरुवारची घंटा

शनिवारी दुपारी संगमनेरहून पुण्याची एसटी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते, तान्ह्या पुतण्यासाठी शिवलेली कुंची होती, आणि डोक्यात बाबांचा निरोप होता. माझा धाकटा भाऊ दानिएल दोन वर्षांपूर्वी पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात लागला. तिथे तो रविवारीही कामावर जातो हे बाबांच्या कानावर आले आणि घरातली शांतता संपली. बाबा आमच्या गावच्या चर्चचे 'वडील', म्हणजे मंडळीचे पंच. घंटा वाजवण्याचा मान त्यांचा. आमच्या घरात रविवारी चूल पेटत नाही. निघताना त्यांनी मला बजावले, "त्याला सांग, विसाव्याच्या दिवसाची चौथी आज्ञा काही कारखान्याने रद्द केलेली नाही. रविवारचं काम सुटत नसेल, तर नातवाचा बाप्तिस्मा ह्या चर्चमध्ये होणार नाही."

पाळकसाहेबांची काही हरकत नव्हती. पण बाबांपुढे पाळकसाहेबही घसा खाकरून गप्प बसत. आणि खरे सांगायचे तर निरोप मला पटला होता. मी शाळामास्तर, चुकणाऱ्याला समज देणे हा माझा पेशाच.

रविवारी वाहनात बसायचे नाही म्हणून मी मुद्दाम शनिवार धरला होता. खेडच्या पुढे एसटीने मान टाकली. आम्ही सगळ्यांनी ढकलत, थांबत ती कशीबशी चाकणला आणली. किल्ल्याच्या पडक्या तटाजवळ एक धर्मशाळा होती, तिथे मुक्काम पडला. जेवायला पिठले-भाकरी आणि चाकणचा कांदा. कांदा असा की डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी हात थांबेना.

सकाळी गाडी दुरुस्त झाली. ड्रायव्हर म्हणाला, "चला मास्तर, बसा." मी म्हणालो, "आज रविवार. मी चालत येतो." त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. थोड्या वेळाने ती एसटी माझ्या अंगावर धुरळा उडवत गेली, आणि खिडक्यांतून सगळे उतारू मागे वळून पाहत होते.

पहिले दोन मैल मी स्वतःवर खूष होतो. हवा थंड होती, दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी वाढलेली. मग नवी चप्पल चावू लागली. कुरुळीच्या पुढे चप्पल हातात घेतली, तर काट्याने टाच धरली. रस्त्याकडेला बसून मी काटा काढत होतो, तेवढ्यात कडब्याने भरलेली एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीवर पागोटे बांधलेले एक म्हातारबाबा होते.

"कुठवर जायाचं पाव्हणं?"

"पिंपरीला."

"मग बसा की. भोसरीला लेकीकडं कडबा चाललाय. तितवर सोडतो."

मी त्यांना समजावून सांगितले की आमच्या शास्त्रात सहा दिवस काम आणि एक दिवस विसावा सांगितला आहे. माणसाला, गड्याला आणि जनावरालासुद्धा. तेव्हा तुमच्या बैलांना मी आज कष्ट देणार नाही.

म्हातारबाबांना हसू आले नाही. उलट त्यांनी मान डोलावली. "ब्येस सांगितलंय. आमी सोमवारी बैल जुपत न्हाई. म्हादेवाचा वार. माझ्या बापानं पाळला, मी पाळतो."

मला बरे वाटले. म्हणालो, "कधीच नाही?"

"येकदा जुपले. गेल्या साली सून अडली, नेमकी सोमवारी. चाकणला न्यायाची तर गाडीबिगर कशी न्यायाची? बैलांच्या पाया पडलो आन जुपले. दोनी जीव वाचले. पोरगी झाली, तिचं नाव सोमी ठिवलं." त्यांनी माझ्या टाचेकडे पाहिले. "वार पाळायाचा तो जिवासाठीच न्हवं, पाव्हणं? म्हादेव काय बोलला न्हाई. तुमचा द्येव तुमाला टाच सुजवून घ्या म्हनतो व्हय?"

खड्ड्यात पडलेले जनावर विसाव्याच्या दिवशीही बाहेर काढावे, ही येशूची शिकवण मी दरवर्षी मुलांना समजावून सांगतो. आज खड्ड्यात मी होतो आणि काढायला आलेल्या माणसाला धडा देत होतो. मला माझीच लाज वाटली. मी गाडीत चढलो. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडताना आम्ही आईचे लाडू खाल्ले, बैलांनाही एकेक दिला.

भोसरीहून लंगडत पिंपरीला पोचलो. माळरानावर एकीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी, दुसरीकडे कारखान्याची नवी घरे. दानिएल कामावर होता. भावजय सुशीलाने गरम पाणी दिले, ताजी भाकरी वाढली. रविवारची भाकरी. मी खाल्ली.

दानिएल संध्याकाळी आला. बाळाला मांडीवर घेऊन त्याने विचारले, "दादा, बाबांनी काय सांगितलंय?"

मी निरोप सांगितला. शब्द जसेच्या तसे सांगितले, पण आवाजात जोर आला नाही. बाळाचे पाऊल चोळत तो बोलू लागला.

"टाक्यांत बुरशी वाढवतात, दादा. तिच्यापासून औषध होतं. तिला सारखी हवा लागते. हवा थांबली तर अख्खी टाकी फुकट. तिला रविवार कुठला? आपली मंजू न्यूमोनियाने गेली, तेव्हा हे औषध आपल्याकडे नव्हतं." मंजू आमची धाकटी बहीण.

सुशीला म्हणाली, "भाऊजी, गुरुवारपर्यंत राहा. मग काय ते बाबांना सांगा."

शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी राहिलो. बुधवारी संध्याकाळी सुशीलाने दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक करून ठेवला आणि चूल सारवून टाकली. गुरुवार ही दानिएलची सुट्टी. त्या दिवशी त्याने चपलेचा तुटलेला अंगठाही शिवला नाही. सकाळी नगरकडची आणखी दोन ख्रिस्ती कुटुंबे आली, गोणपाटावर बसून आम्ही गायलो, प्रार्थना केली. नंतर सगळे मिळून शेजारच्या बराकीतल्या आजारी सिंधी आजीबाईंना भेटायला गेलो. त्यांचे पाणी भरले. थंड भाकरी खाताना मला आमचे घर आठवत होते. हा बाबांचाच रविवार होता, फक्त गुरुवारी आलेला.

घरी परतल्यावर मी बाबांना सगळे सांगितले. टाक्यांचे, मंजूचे, सारवलेल्या चुलीचे, म्हातारबाबांच्या अडलेल्या सुनेचे, आणि मी रविवारी त्यांच्या गाडीत बसल्याचेही. मंजूचे नाव निघाले तेव्हा ते उठून अंगणात गेले. मला वाटले, संपले. बऱ्याच वेळाने परत आले आणि म्हणाले, "त्या शेतकऱ्याच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी?"

"मुलगी झाली. सोमी."

"सोमी," बाबा म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

नाताळच्या आधीच्या एका गुरुवारी सकाळी आमच्या चर्चची घंटा वाजली. आमच्याकडे आडवारी घंटा वाजते ती कोणी वारले तरच. बायका हातातली कामे टाकून पदर सावरत धावत आल्या. दारात दोर धरून बाबा उभे होते, अंगात रविवारचा कोट.

"कोण गेलं, वडील?" एका म्हातारीने विचारले.

दानिएल पायऱ्या चढत होता, कडेवर कुंची घातलेले बाळ.

बाबांनी दोर पुन्हा ओढला. "कोणी गेलं नाही," ते म्हणाले. "माझा नातू आलाय. आत या."