मेंढ्या बसतील तिथं दवाखाना

केज तालुक्यातल्या एका छोट्या आरोग्य संस्थेनं बारा वर्षांपूर्वी जुन्या जीपमध्ये फिरता दवाखाना सुरू केला. नर्स धनश्री वस्त्यांवर जायची, दारांना कड्या दिसायच्या, आणि वहीत मेंढपाळांच्या नावापुढं ‘गैरहजर’ लिहून परतायची.

माणसं मेंढरांमागं असायची.

बायडाबाईच्या नवऱ्याला, धुळाजीला, क्षयाच्या गोळ्या याच जीपमधून मिळत. सहा महिने, रोज, खंड न पाडता घ्यायच्या. आदल्या साली बरं वाटताच त्यानं त्या सोडल्या आणि खोकल्यातून रक्त पडलं. तेव्हापासून नव्यानं सुरू केलेल्या गोळ्यांची पिशवी बायडाबाईच्या कमरेला होती.

चौथ्या महिन्यात घोळ झाला. जीप बुधवारी विहिरीपाशी येणार होती. पण मंगळवारीच अर्जुनराव या शेतकऱ्याचा निरोप आला, की रान लवकर मोकळं झालंय, खतासाठी मेंढ्या बसवायला या. धुळाजीनं तळ हलवला. नव्या रानात फोनला रेंज नव्हती आणि पिशवीत दोनच दिवसांच्या गोळ्या होत्या.

“दोन दिस न्हाई खाल्ल्या तं मरतो का काय मी?” धुळाजी म्हणाला.

“मागल्या साली बी हेच म्हणलं तुमी. मेंढरू लंगडलं की ताटावरून उठून पळता, अन् सोताचं रगत दिसंना!”

गुरुवारी सकाळी बायडाबाई गोळ्यांसाठी धनश्रीच्या गावाच्या, युसूफ वडगावच्या वाटेला लागली. कोसभर चालली असेल, तर समोरून जीपच आली.

“मावशी, काल विहिरीपाशी नुसत्या लेंड्या अन् चुलीची तीन दगडं!” धनश्री म्हणाली. “आज दहा जणांना विचारलं, धुळाजी कुठं गेले? कुणाला माहीत नाही.”

“माणसाचं नाव कावून इचारता, सिस्टर? मेंढ्या कुणाच्या रानात बसल्या ते इचारा. सारं गाव सांगंल.”

गोळ्या खंड न पडता सुरू राहिल्या. त्या महिन्यापासून मेंढ्या कुणाच्या रानात बसणार हे शेतकऱ्यांना विचारूनच संस्था जीपचे वार आणि जागा ठरवू लागली. ‘गैरहजर’ हा शेरा हळूहळू वहीतून गेला.

सहा महिने भरले, थुंकीची तपासणी स्वच्छ आली. आठवड्यानं बायडाबाईनं दोनशे मेंढ्या युसूफ वडगावला, धनश्रीच्या वडिलांच्या दोन एकरांत आणून बसवल्या. तीन रात्री.

मेंढ्या बसवल्याचा मोबदला म्हणून वडील ज्वारीचं पोतं घेऊन आले.

“ऱ्हाऊ द्या ते घरात,” बायडाबाई म्हणाली. “तुमच्या लेकीनं मोजून दिल्या का गोळ्या?”

धनश्री हसली. “मोजूनच दिल्या मावशी. एकशे ऐंशी दिवसांच्या.”

“मंग मेंढ्या बसवल्याच्या राती मी मोजणार न्हाई,” असं म्हणून बायडाबाई मेंढ्यांभोवतीची जाळी ठोकायला वळली.