पश्चात्तापातला अर्धा त्

आमेन काका शिवी दिली की पाठोपाठ 'आमेन' म्हणायचे. हिंदी मुलखात, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ते फिटर होते. गंजलेला बोल्ट हलला नाही की आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, मग अगदी शांतपणे 'आमेन'. पास्टरांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "आमेन म्हणजे हे खरं आहे, असंच होवो. बोल्ट हरामखोर आहे हे खरं आहे. मग काहून नको म्हणू?"

मूळचे अमरावतीकडचे मराठी ख्रिस्ती. घरात मराठी बायबल, दाराबाहेर हिंदी. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून प्रवचनभर घोरायचे. मी पापी आहे हे मला माहीत आहे, ते पुन्हा ऐकायला जागं कशाला राहायचं, असं त्यांचं म्हणणं. तारणाची गोष्ट निघाली की मात्र बरोबर डोळे उघडायचे.

मी त्यांचा सुपरवायझर, वयानं बराच लहान. म्हणून ते मला साहेब म्हणायचे आणि अरेतुरे करायचे. पुढची गोष्ट मी बारा वर्षं काकांखेरीज कुणापाशी बोललो नाही.

पॉवर प्रेसवर बोटं आत जाऊ नयेत म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. तिच्यामुळे काम जरा मंद चालतं. माल घाईनं पाठवायचा होता, मी काकांना जाळी काढायला सांगितली. ते कुरकुरले, एक शिवी दिली, पण आमेन म्हणाले नाहीत. स्क्रू काढले. चौथ्या दिवशी प्रेस चालवणाऱ्या रामदीनच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत विचारलं, जाळी कुणी काढली. काका म्हणाले, मी. कुणाच्या सांगण्यावरून? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगले पाहत राहिले. मी बुटांकडे पाहत होतो. मग म्हणाले, "हात माझेच होते." त्यांची नोकरी गेली. माझी राहिली. रामदीननं नंतर घमापूर मोहल्ल्यात मंगोड्यांची, म्हणजे मुगाच्या भज्यांची गाडी लावली, आणि तो काकांना आपला वैरी समजू लागला.

मग मी पुण्यकर्मांना लागलो. शनिवार धरले, नदीवर ग्वारीघाटाला दिवे सोडले. दर महिन्याला बाजारातल्या बडा फुहाऱ्यावरून खव्याची जिलबी घेऊन काकांकडे जायचो. ते सगळी खायचे, बोटंही चाटायचे. "तुझ्या पापाची जिलबी फार गोड आहे रे साहेब. पण हिनं तू तरणार नाहीस. माझी शुगर तेवढी वाढेल."

एकदा मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? ते म्हणाले, "तुझी कबुली मी कशी देऊ? तोंड तर तुझ्याकडे होतं." आणि मी त्यांना संत समजू नये म्हणून असेल, पुढे म्हणाले की स्क्रू काढताना त्यांनाही नाही म्हणता आलं असतं.

तरी ते घमापुरात जायचे. गाडीसमोर उभे राहायचे, जय येशू म्हणायचे. रामदीन तोंड फिरवायचा, गिऱ्हाइकांदेखत नको ते बोलायचा. काका ऐकून परत यायचे. मला हे त्यांच्या बायकोनं सांगितलं.

शेवटी मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं, तोंडानं बोलवेना म्हणून. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून वाचलं, एका शब्दाभोवती गोल केला आणि पत्र परत दिलं. मी 'पश्चाताप' लिहिलं होतं.

"यात अर्धा त् आहे. पश्चात्ताप. ऐकू येत नाही म्हणून सगळे खातात. जड असतो तेवढाच भाग खाऊन राहिला तू पण." मग पाकिटावर बोट ठेवलं. "आणि पत्ता चुकला आहे. बोटं माझी नाही गेली."

मी म्हणालो, काका, तो माफ करणार नाही. ते हसले. "माफी मिळवायला थोडीच जायचं आहे? ती क्रूसावर मिळून गेली, फुकट. देव काही तुझी जिलबी खात नाही. विश्वास असला तर घे, नसला तर ठेव बाजूला. पण मिळाली आहे म्हणून जा. मिळावी म्हणून जाशील तर परत दिवेच सोडत बसशील."

तरी मी गेलो नाही. यंदा मार्चमध्ये काका वारले. दफनाला बाकी सगळे जुने कामगार आले, रामदीन आला नाही. मूठभर माती टाकताना माझ्या लक्षात आलं की काका आता घमापुरात जाऊन माझ्या वाट्याचं ऐकून घेणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसात लिहून दिलं की जाळी मी काढायला लावली होती, आणि तसाच गाडीपाशी गेलो. हातात जिलबी नव्हती. रामदीन तीन बोटांनी मंगोडे सोडत होता. मी सांगितलं. कढईतले मंगोडे काळे पडले, त्यानं काढले नाहीत.

"बारह साल," तो म्हणाला. "बारह साल मैंने उस बुड्ढे को गाली दी।"

मग झारा खाली ठेवून त्यानं मला एक शिवी दिली, हळू आवाजात, नीट डोळ्यांत बघून. छापण्यासारखी नाही.

"आमेन," मी म्हणालो.